कोणी फोन उचलू नये म्हणून

आमच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. जमिनीवर ठेवली की पलंगाखाली, पलंगाखालून काढली की कपाटामागे. ती दुपारी झोपत नसे. वाचायला हे वाक्य साधं आहे. पण दहा महिन्यांचं, दिवसभर न झोपलेलं मूल तिन्हीसांजेला कडेवर घेऊन ज्यांनी एका हाताने कणीक मळली आहे, त्यांनी ते पुन्हा एकदा वाचावं.

मी सगळं करून पाहिलं होतं. खोलीत अंधार केला. पंखा मोठा केला, मग बारीक केला. दाराच्या बेलवर चिकटपट्टी लावली आणि खाली चिठ्ठी: ‘बेल वाजवू नये. बाळ झोपलं आहे.’ पुढे खोटं वाटायला लागलं म्हणून ‘किंवा झोपवणं चालू आहे’ असंही लिहिलं. बालसंगोपनाच्या एका जाड पुस्तकात होतं की आई शांत असेल तर मूल शांत होतं. ते वाचल्यापासून शांत कसं व्हायचं या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

सल्ले मात्र मुबलक होते. लिफ्टमधल्या शेजारीण काकू म्हणाल्या, तेल कमी लावतेस. औषधवाला म्हणाला, जास्त लावता. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे नंबर तपासायला आलेल्या एका आजोबांनी खालून तिसरी ओळ वाचता वाचता निरोप पाठवला की पोरीला ऊन दाखवा. ज्यांना अक्षरं दिसत नव्हती त्यांना आमच्या मुलीचं दुखणं दिसत होतं. मी सगळ्यांना “हो, करून बघते” म्हणत असे. मला लहानपणापासून उलट बोलता येत नाही. घशाशी येतं आणि तिथेच बसतं.

मग एका दुपारी चमत्कार झाला.

माझ्या नंबरला कोणीतरी बेडकाच्या डरावण्याची कॉलर ट्यून लावली होती. मला फोन करणाऱ्याला आधी बेडूक ऐकू येई. ती काढायला मी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. ही आमची जुनी कंपनी, निळी. देशात मोबाईल आला तेव्हापासूनची, आणि फोन न उचलण्याबद्दल प्रसिद्ध. मुंगी मांडीवर आकांत करत होती म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला. एक धून सुरू झाली. चार पायऱ्या चढावं, वर काही नाही म्हणून परत उतरावं, अशी. मधूनच एक मधाळ बाई बोले, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचे सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत. कृपया प्रतीक्षा करा.” आणि परत पायऱ्या.

मुंगी गप्प झाली. फोनकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा प्रतिनिधी व्यग्र असल्याचं कळलं तेव्हा तिचे डोळे मिटले होते.

मी तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता.

त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की मी जुन्या कंपनीला फोन लावायची. फोन फुकट असे. कोणी उचलत नसे. फार क्वचित कोणी उचललाच तर तोवर मुंगी गाढ झोपलेली असे आणि मी हळूच कापून टाकायची. बेडूक तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, “एवढी चांगली कंपनी दुसरी नाही. नाहीतर हल्ली कोण कुणाला इतकं थांबवून घेतं?”

असा महिना सुखात गेला. मग बाजारात तिसरी कंपनी आली.

आधी दोन होत्या, निळी आणि हिरवी, आणि दोघी जावांसारख्या एकमेकींकडे न बघता नांदत होत्या. तिसरी आली ती केशरी. दर पाडले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक मोठी केशरी छत्री उघडली, छत्रीखाली टेबल, टेबलामागे एक विक्रेता. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी हिरवी छत्री आली. तिसऱ्या दिवशी निळी. भाजी आणायला निघालं की तिघे एकदम ओरडत, “ताई, नंबर तोच, कंपनी बदला!” पेपरात आलं की देशात आता माणसांपेक्षा सिमकार्डं जास्त झाली आहेत. त्यातली तीन एकट्या सासूबाईंकडे होती. फोन एकच होता, पण केशरीवाला बादली देत होता, हिरवा थर्मास, आणि निळा, उशिरा जागा झाल्यामुळे, बादली आणि थर्मास दोन्ही.

“आई, एवढ्या बादल्यांचं करायचं काय?”

“राहू देत गं. चौथी कंपनी आली तर घराला पूर्ण सेट होईल.”

मी हसले. मला वाटलं, त्यांचं चाललंय ते चालू दे, आपल्याला काय. इथेच चुकले.

एका दुपारी मी नेहमीप्रमाणे फोन लावला, मुंगीला मांडीवर आडवी केली, आणि धून पहिल्या पायरीवर असतानाच—

“नमस्कार! मी आपली काय सेवा करू शकते?”

मुंगीने डोळे टक्क उघडले.

“तुम्ही उचलला?” मी म्हणाले.

“होय मॅडम! आता आमच्याकडे प्रत्येक कॉल तीन रिंगच्या आत उचलला जातो.”

“का पण?”

“आपल्या समाधानासाठी, मॅडम.”

“माझं समाधान होतं हो! एक काम कराल का? मला जरा होल्डवर ठेवा.”

“आपल्याला कुठल्या विभागाशी बोलायचं आहे?”

“कुठल्याच नाही. नुसतं होल्डवर.”

ती गोंधळली. “मॅडम, कारणाशिवाय होल्डवर ठेवायची आम्हाला परवानगी नाही. स्पर्धा आहे ना आता.”

मुंगीने भोकाड पसरलं. त्या दिवशी ती अंथरुणातून निसटून थेट बादल्यांपर्यंत गेली आणि संध्याकाळपर्यंत त्या वाजवत बसली.

तुम्ही म्हणाल, धून रेकॉर्ड करायची. केली होती. सुट्टीच्या दिवसासाठी नवऱ्याने आधीच करून ठेवली होती. पण रेकॉर्डमध्ये ती बाई नेहमी त्याच जागी बोलते, आणि मुंगीने ते दुसऱ्याच फेरीला ओळखलं. बाई बोलायच्या आत ती मान वर करून वाट बघू लागली. मग नवरा स्वतः गुणगुणला. त्याचा आवाज वाईट नाही, पण चौथ्या पायरीवर तो दरवेळी घसरे आणि मुंगी खदखदून हसे. झोपायचं सोडून तिला तेवढंच हवं झालं.

शेवटी मी तिला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या छत्र्यांपाशी गेले.

“मला एक खरं सांगा,” मी म्हणाले. “सगळ्यात वाईट ग्राहकसेवा कोणाची?”

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

“हिरव्यांचा फोन लागतच नाही, ताई,” केशरीवाला म्हणाला.

“लागत नाही काय? पहिल्या रिंगला उचलतात!” हिरवा खवळला. “उलट ह्यांच्याकडे माणूसच नाही. नुसतं यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा.”

“धून कशी आहे?”

“काय?”

“थांबवतात तेव्हा काय वाजतं?”

हिरव्याने अभिमानाने वाजवून दाखवलं. ढोलकं होतं. केशरीकडे धूनच नव्हती. एक माणूस नव्या योजनांची नावं इतक्या उत्साहात सांगत होता की मुंगी टाळ्या पिटायला लागली. मी निळ्याकडे वळले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “ताई, आमची वाईट होती, मान्य आहे. पण आता सुधारलो हो!”

“म्हणून तर सोडून चालले आहे,” मी म्हणाले.

हे वाक्य त्याने वर कळवलं असावं. शिवाय त्यांच्या यंत्रालाही माझा संशय आला होता: ही बाई रोज फोन करते, उचलला की “का उचललात” म्हणते आणि ठेवते. म्हणजे फारच नाराज गिऱ्हाईक. दोन दिवसांनी कोणीतरी आमच्या दारावर नखांनी टकटक केली. चिठ्ठी वाचून टकटक नखांनी केली म्हणून मला तो माणूस लगेच आवडला. निळा शर्ट, कपाळाला घाम, हातात बादली.

“मी कंपनीतून आलोय,” तो कुजबुजला. “गिऱ्हाईक टिकवणं हे माझं काम.”

“टिकवणारा आलाय गं,” सासूबाईंनी आत वर्दी दिली, त्याच्या हातातली बादली घेतली आणि इतर बादल्यांच्या रांगेत लावली. “बस रे बाबा. पण ती पोरगी बघ, ती तुला बसू देणार नाही.”

मुंगी त्याच्या बुटाची नाडी सोडत होती. इतक्या दिवसांच्या जागरणाने तिचे डोळे लाल झाले होते आणि माझेही. मी त्याला सगळं सांगितलं. पायऱ्या, बाई, रेकॉर्ड, ढोलकं. ऐकताना त्याचा चेहरा आधी कोड्यात पडल्यासारखा होता, मग हळूहळू रडवेला झाला.

“म्हणजे आम्ही सुधारलो म्हणून तुम्ही जाणार?”

“हो.”

“मॅडम, या भागातून या महिन्यात एकही गिऱ्हाईक गेलं तर माझी रवानगी गोदामात आहे. जाण्याचं कारण वर कळवावं लागतं. हे कारण मी कसं कळवू?”

“अरे, मग हिचा फोन नको ना उचलू,” सासूबाई म्हणाल्या. “इतकं काय अवघड आहे? इतकी वर्षं जमत होतं की.”

तो म्हणाला, नाही जमणार. फोन घेतात त्या दालनात मोठा फलक लावला आहे, तिसरी रिंग झाली की त्यावरचा दिवा लाल होतो, आणि दिवा लाल झाला की वरचे साहेब खाली येतात. बोलता बोलता तो थांबला. दार लावलेलं आहे ना पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

“एक रांग आहे. उपद्रवी रांग.”

“म्हणजे?”

“जे लोक आमच्या मुलींना शिव्या देतात ना, त्यांच्यासाठी. कॉल कापायला बंदी आहे, कापलेले कॉल वरचे मोजतात. म्हणून प्रत्येक मुलीच्या पुढ्यात एक लाल बटण आहे. ते दाबलं की तो नंबर त्या रांगेत जातो. तिथे जुनी धून वाजते, आणि कोणी कधीच उचलत नाही. कायमचं. गिऱ्हाईक कंटाळून स्वतःच ठेवतं. ते कुठेच मोजलं जात नाही.”

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. “मला त्यात घाला.”

“मी नाही घालू शकत. तिने स्वतः दाबावं लागतं. आणि नंतर वरचे लोक कॉल ऐकतात. शिवी खरी नसेल तर नंबर परत बाहेर काढतात.” तो उठला. नाडी सुटलेली होती, तशीच. “तुम्हाला शिव्या येतात का, मॅडम?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंची जीभ पूर्ण इमारतीला माहीत आहे. एकदा त्यांनी पाण्याच्या टाकीवरून वरच्या मजल्याला असं काही सुनावलं होतं की ते लोक जिन्यावरून अजून चपला हातात घेऊन जातात.

“आण तो फोन इकडे,” त्या पदर खोचत म्हणाल्या. “तुझं नाव माझं म्हणून सांगते. तुझी जन्मतारीख काय गं?”

टिकवणारा घाईघाईने गेला. हे ऐकलं असं त्याला म्हणायला लागू नये म्हणून. सासूबाईंनी फोन लावला. पहिल्याच रिंगला कोणीतरी उचलला.

“नमस्कार! मी आपली काय सेवा करू शकते?”

सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. मला वाटतं, आमच्या घरात हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

“सेवा कसली गं बाळ,” त्या एकदम लोण्यासारख्या झाल्या. “तू जेवलीस का? ... अगं, मग कधी जेवणार? ... दिवसभर कानाला ते लावून दुखत नाही का कान?”

अर्धा तास त्या बोलल्या. त्या मुलीला भाऊ किती, खोलीवर एकटी राहते की मैत्रिणीबरोबर, पित्त कशाने होतं, सगळं झालं. ठेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “फार गुणी पोरगी आहे. तिला शिव्या कोण देईल?” शिवाय बेडूक कायमचा काढून घेतला होता, तो वेगळाच.

आता माझ्यावर आलं. मी दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर आरशासमोर सराव केला. मग दार लावून फोन लावला.

“नमस्कार! मी आपली—”

“तुमची सेवा अत्यंत... अत्यंत असमाधानकारक आहे!” मी कडाडले.

“क्षमस्व मॅडम. नेमकं काय झालं?”

“आणि तुम्ही स्वतः, म्हणजे रागावू नका हं, पण तुम्ही थोड्या बेजबाबदार आहात.”

“धन्यवाद मॅडम. आपला अभिप्राय नोंदवला आहे. आणखी काही?”

“नाही. जेवलात का?”

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मला ‘महिन्यातलं सर्वात सौजन्यशील गिऱ्हाईक’ म्हणून फुकट मिनिटं मिळाली. मुंगी तोवर झोपेविना इतकी चिडकी झाली होती की घास भरवला तर घासावरच ओरडे. डोळ्यांखाली तिच्या बारीक निळसर रेघ आली होती. मी तिला खिडकीपाशी नेऊन ती उजेडात पाहिली, परत परत पाहिली. नवऱ्याला दाखवली. तो डोळे तपासणारा माणूस, तो म्हणाला, “डोळे छान आहेत, झोप नाही.” हे मलाही माहीत होतं.

त्या दुपारी मुंगी मांडीवर कमान करून रडत होती. मी सवयीने फोन लावला. शिवी द्यायचा विचारही मनात नव्हता. खरं तर विचार करायची ताकदच नव्हती.

“नमस्कार! ...अरे, बाळ रडतंय का मॅडम?”

“हो.”

“मॅडम, रागावणार नसाल तर एक सुचवू? बाळाचं पोट भरत नसेल. आईचं दूध पातळ असलं की मुलं अशी करतात. आमच्या काकू म्हणतात, आणि आई जर का सारखी काळजी करणारी असेल ना, तर ते दुधातून—”

पुढचं मला तुटक आठवतं. घशाशी दहा महिने जे जे येऊन बसलं होतं, ते सगळं एकदम उठलं.

“तुझ्या काकूला सांग आधी स्वतःचं तोंड बंद ठेवायला! दीडशहाणे! तुला विचारलं होतं कोणी? तुला मूल आहे का? नाही ना? मग आगाऊपणा कसला करतेस, उपटसुंभ कुठली! तेल कमी, तेल जास्त, ऊन दाखवा, दूध पातळ! फोन कंपनी आहे की प्रसूतिगृह? टवळे, तुझ्या त्या मधाळ आवाजाला मुंग्या लागोत! आजपासून माझ्या दुधाबद्दल जो बोलेल त्याची जीभ मी बादलीत बुचकळून वाळत घालीन! तू, तुझी काकू, तो औषधवाला, लिफ्टमधली ती भवानी, आणि ते आजोबा, ज्यांना तिसरी ओळ दिसत नाही! सगळे एका रांगेत उभे राहा आणि—”

आणि काय, ते इथे लिहिता येणार नाही. कॉलेजमध्ये असताना वसतिगृहात नळावर भांडणं होत, तिथे मी नुसती उभी राहून ऐकायची. सगळं पाठ झालं होतं म्हणायचं.

मी थांबले तेव्हा मुंगीसुद्धा रडायची थांबली होती आणि माझ्याकडे आदराने बघत होती. सासूबाई दारात, तोंडावर हात ठेवून.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “आणि मी तुला मुकी समजत होते!”

फोनमधून एक हुंदका आल्यासारखं झालं. मग अगदी लहान आवाजात, “मॅडम, आपल्या या कॉलची नोंद घेतली जात आहे.”

खट्.

मग शांतता. मग एक पायरी. दुसरी, तिसरी, चौथी. वर काही नाही म्हणून परत खाली. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” ती जुनी बाई म्हणाली.

मुंगीने अंगठा तोंडात घातला. तिचं अंग हळूहळू सैल पडलं, डोकं माझ्या कोपरात जड झालं, आणि ती झोपली. अशी झोपली की सासूबाईंच्या हातून नेमका तेव्हाच थर्मास पडला तरी हलली नाही. मी नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास चालू होता, आणि डोळ्यांखालची रेघ मला तेवढ्यातच फिकी झाल्यासारखी वाटली.

“जिंकलीस,” सासूबाई कुजबुजल्या आणि स्वतः खाटेवर आडव्या झाल्या.

मी मात्र बसून होते. ती मुलगी. कदाचित सासूबाईंशी बोललेली तीच, पित्ताची. खोलीवर एकटी राहणारी. आता कुठे असेल? प्रसाधनगृहात जाऊन रडत असेल का? जेवली असेल का? टवळी हा शब्द तिने आधी कधी ऐकला असेल का? हे मला सहन होईना. माफी मागायलाच हवी होती, आत्ताच्या आत्ता. पण माफी मागायला माझ्याकडे एकच नंबर होता, आणि तो तर मी लावलेलाच होता.